ताई व भाऊजी यांच्या न झालेल्या मृत्यूबाबत

जबाब देणार: ओळखपत्रावरचे नाव ठाण्याच्या नोंदीत उतरवून घेतले आहे, एरवी सगळे मला मास्तर म्हणतात आणि घरी मामा. वय एकेचाळीस. धंदा: स्वतःच्या एका गाडीवर लोकांना मोटार चालवायला शिकवणे. राहणार: टेलरबाईंच्या दुकानाच्या वर, पहिला मजला, दोन खोल्या व गॅलरी. अविवाहित.

मी आज शनिवारी संध्याकाळी ठाण्यात समक्ष हजर आहे. शुद्धीवर आहे, चहा झालेला आहे, कोणी दमदाटी केलेली नाही. माझी बहीण व तिचा नवरा मरण पावल्याची खबर, त्यावरून माझ्यावर आलेला संशय, आणि हवालदार गाडी चालवत असताना मी ती पुढे जाऊ दिली नाही ही तक्रार, या तिन्हींबद्दल मला विचारण्यात आले. त्यावरून सांगतो की,

माझी बहीण, म्हणजे ताई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. ती एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. आग लागली तर कोणत्या दाराने पळायचे, कोणी कोणाला उचलायचे, बाहेर कुठे जमायचे, हे ती कामगारांना शिकवते आणि मधूनमधून त्याचा सराव घेते. तिचा सराव आधी कोणालाही कळवला जात नाही. कळवले की लोक बूट घालून तयार बसतात, असे तिचे म्हणणे आहे. दुसरा नियम असा की सराव चालू असताना ‘हा सराव आहे’ असे जो म्हणेल तो नापास. तिने एकदा कारखान्याच्या मालकाला जेवणावरून उठवून उन्हात उभे केले होते. ते नुसते म्हणाले, “सरावच आहे ना, बाई?” त्यांचे नाव फळ्यावर नापासांत गेले. तिची नोकरी अजून शाबूत कशी, हे मला कळत नाही. हे वाक्य गाळायचे का, असे हवालदारांनी विचारले. गाळू नये.

भाऊजींचे चष्म्याचे दुकान आहे. ते ताईबरोबर इतकी वर्षे सुखाने नांदत आहेत, यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना यावी. मुले दोन. भाची दहा वर्षांची. ती कोणाचा शब्द खाली पडू देत नाही, म्हणून घरात तिला बॅरिस्टर म्हणतात. भाचा सहा वर्षांचा. त्याला हळू बोलता येत नाही, म्हणून तो भोपू. तो झोपेतसुद्धा मोठ्याने बोलतो.

चार महिन्यांपूर्वी ताई आणि भाऊजींनी मृत्युपत्र करायचे ठरवले. दोघे धडधाकट आहेत, तरी मुले लहान आहेत तोवरच हे उरकलेले बरे, असे भाऊजींचे मत पडले. वकिलांकडे पहिला चहा संपायच्या आत बरेचसे काम झाले. घर आणि दुकान दोन्ही मुलांना सारखे. मुले सज्ञान होईपर्यंत त्या मालमत्तेवर भाऊजींच्या बहिणीने, म्हणजे मुलांच्या आत्याने, देखरेख करायची. आत्या बँकेत अधिकारी आहेत. त्यांच्या हातून एक टाचणी इकडची तिकडे होत नाही. त्यात माझा एका खुर्चीवरही हक्क नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण दुपारपासून इथे माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले जात आहे, ती नजर मालमत्तेच्या लोभाची शंका घेणारी आहे.

मग वकिलांनी विचारले, “दोघं एकदम गेलात तर मुलं कोणाकडे राहणार?” तिथे गाडी अडली. भाऊजी आत्याचे नाव घेत होते, ताई गप्प होती. ती जागा कोरी ठेवून दोघे घरी आले आणि ती कोरीच राहिली.

आत्यांचे घर नीटनेटके आहे. त्यांच्याकडे मुलांना वेळेवर उठवणारे, वेळेवर जेवायला घालणारे माणूस आहे, ते म्हणजे त्या स्वतः. माझ्या फ्रिजमध्ये अंडी, पाव आणि एक फॅनबेल्ट असतो. फॅनबेल्ट तिथे का आहे, हे मला आज शपथेवरही सांगता येणार नाही. माझे नाव निघाले की भाऊजी चष्मा पुसायला लागत. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही पुसला असता.

मला विचारले तेव्हा मी म्हणालो, “तुम्ही ठरवाल ते.” हे खोटे होते. मला ती मुले माझ्या नावावर हवी होती. फार हवी होती. ताईसमोर हे माझ्या तोंडून कधी निघाले नाही, म्हणून इथे लिहून घ्यावे.

शेवटी ताईने तिच्या पद्धतीप्रमाणे दोघांचाही सराव घ्यायचे ठरवले. दोन आठवड्यांपूर्वी आत्यांचा झाला. एका शनिवारी मुले त्यांच्या दारात उभी केली आणि फोनवर सांगितले, “आम्ही दोघे आता नाही असं समजा. उद्या संध्याकाळपर्यंत.” आत्यांनी सगळे उत्तम पार पाडले. मुलांची नखेसुद्धा कापली. रविवारी मुलांना परत आणून सोडताना मात्र त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, “वहिनी, खरं सांगू? सासूबाई अंथरुणावर आहेत, खोल्या दोनच. मुलीला मी डोळ्यांत तेल घालून सांभाळीन. मुलाची सोय मात्र मामाकडे करावी लागेल. अधूनमधून भेटतीलच की दोघं.” आत्या चांगल्या आहेत. मनातले ओठावर आणले, लपवले नाही. मी त्या वेळी तिथेच होतो. ताईने धुतलेले पातेले पुन्हा धुतले.

आता आजचा दिवस. सकाळी दहाच्या सुमारास मी मैदानात टेलरबाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होतो. टेलरबाई म्हणजे माझ्या खोल्यांच्या खाली ज्यांचे कपडे शिवायचे दुकान आहे त्या. ताईचेही कपडे त्याच शिवतात. त्या बऱ्याच दिवसांपासून माझ्याकडे शिकत आहेत. पुढे जाताना त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण मागे घ्यायचे म्हटले की त्या डोळे मिटून घेतात. मी शिकणाऱ्याच्या शेजारी बसतो आणि माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. या धंद्यात तो ब्रेक हीच माझी खरी नोकरी, बोलणे हे वरकाम.

गाडी तिरकी होऊन थांबलेली असताना ताईचा फोन आला. ती म्हणाली, “आम्ही गेलो. मुलं मैदानाच्या फाटकाशी उभी आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत ती तुझ्याकडे. आम्हाला फोन करायचा नाही. मेलेली माणसं फोन उचलत नाहीत.” आणि फोन बंद. टेलरबाईंना अर्थात फक्त माझी बाजू ऐकू आली. ती त्यांनी ठाण्यात सांगितली आहे आणि ती शब्दशः खरी आहे. मी म्हणालो, “दोघंही? बरं. बरं, मुलांना मी घेतो. नाही, मला काही अडचण नाही.” मग फोन खिशात टाकून मी त्यांना म्हणालो, “हं, आता क्लच हळू सोडा.”

टेलरबाईंनी विचारले, “कोणाचा फोन होता, मास्तर?” मी इथे चुकलो. मला नापास व्हायचे नव्हते. बॅरिस्टर फाटकाशी उभी राहून आमच्याकडेच पाहत होती, आणि मी सराव हा शब्द उच्चारला तर ती तो तिथूनही ऐकेल अशी तिची ख्याती आहे. मी म्हणालो, “ताई आणि भाऊजी गेले.” त्या म्हणाल्या, “अगं बाई! कसे हो?” मी म्हणालो, “अचानक.” त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मी म्हणालो, “आरशात बघा, माझ्याकडे नको.”

फाटकाशी दोन्ही मुले दप्तरे घेऊन उभी होती. भोपूच्या काखेत त्याची उशी होती. टेलरबाईंनी खाली उतरून बॅरिस्टरला जवळ घेतले आणि विचारले, “बाळा, तुला कळलंय का?” ती म्हणाली, “हो. आई-बाबा आता नाहीत. आम्ही आता मामाकडे.” भोपू मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “दुपारी अंडी आहेत का?” टेलरबाईंना हुंदका आवरला नाही. त्या शिकवणी अर्ध्यावर सोडून चालत घरी गेल्या.

नंतरचे चार तास माझ्या आयुष्यातले चांगले तास होते. मी मुलांना अंडी आणि पाव दिला. बॅरिस्टरने फ्रिजमधला फॅनबेल्ट काढून खिळ्याला अडकवला आणि ‘हे इथे राहील’ असा निकाल दिला. भोपूला मी उभ्या गाडीत चालकाच्या जागी बसवले आणि त्याने शेजारपाजाऱ्यांचा अंत पाहीपर्यंत हॉर्न वाजवला. एरवी विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला मी खाली उतरवतो. आज उतरवले नाही. मुलांना झोपायला कुठे घालायचे, शाळा माझ्या घरापासून किती लांब पडेल, गॅलरीला जाळी कधी बसवता येईल, याचा विचार मी करत बसलो होतो. हा सराव आहे हे मी मध्येच काही वेळ विसरलो, हेही कबूल करतो.

दरम्यान टेलरबाई दोनदा वर येऊन गेल्या. पहिल्यांदा त्या सूप घेऊन आल्या. दुसऱ्यांदा फुले घेऊन आल्या, तेव्हा घरात हशा चालला होता. त्यांनी बॅरिस्टरला बाजूला घेऊन हळूच विचारले, “मामा रडला का गं?” ती म्हणाली, “नाही. मामाला तर हवंच होतं. मृत्युपत्रात त्याचं नाव यायचंय.” तिने खोटे काहीच सांगितले नाही, हा तिचा मोठा दोष आहे. टेलरबाईंनी खाली जाऊन ताईला आणि भाऊजींना फोन लावून पाहिले. दोन्ही फोन बंद. भाऊजींच्या दुकानाला कुलूप. मग त्यांनी पोलिसांना बोलावले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोलावले असते, आणि माझ्याकडे पाहून दार आतून लावूनही घेतले असते.

तीनच्या सुमारास ठाण्याचे साहेब, एक महिला पोलीस आणि हा जबाब लिहून घेणारे हवालदार माझ्या दारात आले. मी त्यांना पाहताक्षणी सराव सोडून दिला आणि म्हणालो, “साहेब, कोणीही मेलेलं नाही. हा सराव आहे.” साहेब म्हणाले, “कसला सराव?” मी म्हणालो, “मरणाचा.” हे बोलून झाल्यावर ते कसे ऐकू गेले असेल ते माझ्या लक्षात आले. साहेबांनी भाचीला विचारले, “बाळ, मामा म्हणतोय ते खरं आहे?” बॅरिस्टरला वाटले की हे पोलीस तिच्या आईनेच पाठवले आहेत, कारण कारखान्यात ताई खोटे जखमी आणि खोटे बंबवाले आणते. तिने माझ्याकडे अत्यंत निराशेने पाहिले. “मामा, असं म्हणायचं नसतं,” ती म्हणाली. मग साहेबांकडे वळून, “आई-बाबा नाहीत. मामा घाबरलाय म्हणून असं बोलतोय.” आणि महिला पोलिसांना म्हणाली, “तुमचा ड्रेस अगदी खरा वाटतो.”

मी ताईला फोन लावला, भाऊजींना लावला, आत्यांना लावला. आत्या आज दुपारी बँकेच्या बैठकीत होत्या. वकिलांच्या कचेरीत कोणी उचलले नाही. साहेबांनी सांगितले, “चला ठाण्यात. मुलीशी वेगळं बोलावं लागेल.” यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही.

खाली आल्यावर पोलिसांच्या जीपमध्ये साहेब, महिला पोलीस, टेलरबाई आणि बॅरिस्टर बसले. जागा भरली. माझी गाडी ठाण्यात आणायचीच होती, म्हणून साहेबांनी हवालदारांना ती चालवायला सांगितली. मागच्या सीटवर भोपू. मी सवयीने हवालदारांच्या शेजारी, माझ्या नेहमीच्या जागी बसलो.

जीप सुरू झाली. भोपूने काचेतून बहिणीला जीपमध्ये पाहिले आणि तो गप्प झाला. त्याने उशी मांडीवर घेतली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. मी त्याला जन्मापासून ओळखतो. तो असा गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

हवालदारांनी गाडी सुरू केली. गाडी गेली नाही. त्यांनी पुन्हा गिअर टाकला, इंजिन ओरडले, गाडी जागची हलली नाही. ते मला म्हणाले, “मास्तर, हिला काय झालंय?” मी म्हणालो, “काही नाही.” माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर होता आणि मी तो काढला नाही. हे मी जाणूनबुजून केले. सरकारी कामात अडथळा आणण्याचा हेतू होता का, असे मला विचारण्यात आले. त्या क्षणी सरकारचा विचार माझ्या डोक्यात नव्हता.

का केले, ते सांगतो. मी पाच वर्षांचा आणि ताई नऊ वर्षांची असताना आमचे आई-वडील एकाच आजारात, एका आठवड्याच्या अंतराने गेले. त्यांनी काही लिहून ठेवले नव्हते. ते तरुण होते, त्यांना वाटले असेल अजून वेळ आहे. नातेवाईक जमले. माणसे वाईट नव्हती. त्यांनी कपाट वाटले, भांडी वाटली, पलंग वाटले, आणि मग आम्हाला वाटले. ताई काकांकडे, मी आईच्या मावशीकडे. दारात दोन गाड्या उभ्या होत्या. ताईला पुढच्या गाडीत बसवले, मला मागच्या. त्यांनी मला सांगितले की दोन्ही गाड्या एकाच ठिकाणी जात आहेत. कोपऱ्यावर पुढची एकीकडे वळली आणि आमची दुसरीकडे. मी ओरडलो नाही. का ओरडलो नाही, हे मला आजही सांगता येत नाही. आम्ही पुन्हा एका घरात राहिलो ते ताईला नोकरी लागल्यावर आणि तिने स्वतः खोली घेतल्यावर. तोपर्यंत माझा आवाज फुटला होता आणि तिने मला ओळखायला क्षणभर वेळ घेतला.

म्हणून पाय काढला नाही.

जीप पुढे जाऊन थांबली. साहेब उतरून आले. त्यांनी मला गाडीतून उतरायचा हुकूम केला, दोनदा केला, दुसऱ्यांदा बऱ्याच मोठ्याने केला. मी त्यांना म्हणालो, “साहेब, मला बेड्या घाला, पाहिजे तिथे बसवा. फक्त त्या दोघांना एका गाडीत बसवा. मग तुम्ही म्हणाल ते.” साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग मागे वाकून भोपूकडे पाहिले. मग ते जीपकडे गेले, बॅरिस्टरला हात धरून घेऊन आले आणि त्यांनी स्वतः तिला भोपूशेजारी बसवले. बॅरिस्टरने भावाचे दप्तर आपल्या मांडीवर घेतले आणि ती त्याला म्हणाली, “अरे, सरावच आहे.” तिने नियम मोडलेला मी पहिल्यांदा ऐकला. भोपूने कान किटतील अशा आवाजात विचारले, “ठाण्यात हॉर्न आहे का?” मग मी पाय काढला.

ठाण्यात आल्यावर साहेबांनी दुसरी गाडी ताईच्या घरी पाठवली. तिथे काय झाले ते मी पाहिलेले नाही, पण भाऊजींनी इथे सर्वांसमोर सांगितले, त्यावरून लिहून देतो. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होते. बेल वाजवली, दार ठोठावले, आतून उत्तर नाही. आत मात्र खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पोलिसांनी कुलूपवाल्याला बोलावून कुलूप तोडून घेतले. आत जेवणाच्या टेबलाशी ताई आणि भाऊजी घरच्या कपड्यांत पत्ते खेळत बसले होते. ताईने बाहेरून कुलूप लावून मागच्या दाराने आत येऊन मुलांविना मोकळा शनिवार साजरा करायचे ठरवले होते. बेल वाजल्यावर भाऊजी उठत होते. ताईने त्यांना हात धरून खाली बसवले आणि ती कुजबुजली, “मेलेली माणसं दार उघडत नाहीत. माझ्या भावाने काहीतरी युक्ती काढलीय, फसू नका.” मागचे दार नुसते लोटलेले होते, हे कुलूप तुटल्यावर सगळ्यांना कळले.

पोलीस समोर पाहून ताईने पहिला प्रश्न विचारला तो असा: “मुलं कुठे आहेत? दोघं बरोबर आहेत ना?” तिला घेऊन आलेल्या पोलिसांनी हे मला आवर्जून सांगितले.

ताई आणि भाऊजी साडेपाचच्या सुमारास ठाण्यात आले. टेलरबाई बाकावर बसल्या होत्या. ताईला चालत आत येताना पाहून त्यांनी आधी तिला मिठी मारली आणि मग अर्धा तास झापले. “दुपारभर रडले मी तुझ्यासाठी. दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं. सूप केलं! आणि तू पत्ते खेळतेस?” ताईने मान खाली घातली. तिला कोणापुढे मान खाली घालताना मी तोवर पाहिले नव्हते. ती म्हणाली, “चूक झाली, बाई. माझ्या सरावात शेजारी धरलेच नव्हते.” साहेबांनीही तिला बरेच काही सुनावले, ते त्यांच्या इच्छेवरून इथे लिहिलेले नाही.

मग हवालदारांनी तिला गाडी न हलल्याची हकीकत सांगितली. थोडी चढवून सांगितली, पण मूळ खरी. ताईने सगळे ऐकून घेतले आणि मला विचारले, “पाय का नाही काढलास?”

मी म्हणालो, “भोपू गप्प झाला होता.”

ताई माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी तिच्याकडे पाहणे टाळले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. भाऊजींनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. ते म्हणाले, “लिही आता. कशाची वाट बघतेस?”

मृत्युपत्राचे कागद ताईच्या पिशवीत होते. आपण गुन्हेगार नाही हे पोलिसांना दाखवायला लागतील म्हणून तिने ते आणले होते. तिने हवालदारांचे पेन मागून घेतले, याच टेबलावर कागद ठेवले आणि कोऱ्या जागेत माझे नाव लिहिले. त्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली: दोन्ही मुले कायम एकाच घरात राहतील. भाऊजींनी त्यांच्या कागदावर तेच लिहिले. साक्षीला दोन बाहेरची माणसे लागतात आणि ठाण्यातले कोणी या कामात पडणार नाही, असे साहेबांनी आधीच बजावले होते. म्हणून टेलरबाईंनी एक सही केली आणि कुलूप तोडण्याच्या मजुरीसाठी थांबलेल्या कुलूपवाल्याने दुसरी. टेलरबाई म्हणाल्या, “मी याला पकडून द्यायला आले होते.” तरी सही ठळक आणि सुवाच्य केली. ताईचे म्हणणे आहे की सोमवारी वकिलांना सगळे दाखवायचे, सह्यांत काही कमी-जास्त असेल तर त्यांच्यासमोर पुन्हा करायच्या. आत्यांना फोन लागला. त्या म्हणाल्या, “बरं झालं. पैसे मी सांभाळीन, मुलं त्याने सांभाळावीत. दर महिन्याला मी त्याच्या फ्रिजची तपासणी करीन.” मला हे मान्य आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. टेलरबाईंनी योग्य तेच केले. त्यांना मागे घ्यायला शिकवण्याचे उरलेले सर्व तास मी फुकट देणार आहे, ते कितीही लागोत. हवालदारांची मी माफी मागितली आहे. गाडी त्यांनी नीट चालवली, फक्त गिअर बदलताना खाली पाहतात, ते पाहू नये.

माझे नाव त्या जागी आले याचा मला फार आनंद झाला आहे. इतका की इथे बसून तो लपवता येत नाही आणि हवालदार हसत आहेत. पण ते नाव कधीही कामाला येऊ नये अशी माझी इच्छा आहे. म्हणून मी ताईला व भाऊजींना सर्वांसमक्ष ताकीद देतो की, मुले मोठी होईपर्यंत त्यांनी मरू नये. त्यानंतरही माझ्या आधी मरू नये. ताईने तर अजिबात मरू नये. मी तिला एकदा गाडीतून जाताना पाहिले आहे, तेवढे पुरे आहे.

हवालदार म्हणाले, जबाबात अशी ताकीद लिहिता येत नाही. साहेब दारात उभे होते. ते म्हणाले, “लिहा.”

वरचा सगळा मजकूर हवालदारांनी मला, ताईला, भाऊजींना व दोन्ही मुलांना मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे, कमी-जास्त नाही. वाचन चालू असताना ताईने माझा हात धरला होता, तो अजून सोडलेला नाही, म्हणून सही डाव्या हाताने करत आहे.